मदत हवी आहे: केस गळत नाहीत, मीच उपटते

नेहमीचा आयडी वापरत नाहीये, समजून घ्या.

वय ४१, माध्यमिक शाळेत शिकवते. सातवीपासून डोक्यावरचे केस उपटते. शीर्षकातलं वाक्य आज पहिल्यांदाच कुठेतरी लिहिलंय. त्वचेच्या डॉक्टरांकडे दोनदा गेले, दोन्ही वेळा "केस गळतात" असंच सांगून आले. त्यांनी भिंगातून पाहिलं, चाई नाही म्हणाले, लावायला औषध लिहून दिलं. खोट्या तक्रारीवर आणखी काय देणार! टाळूवर रुपयाएवढी जागा मोकळी आहे, भांग फिरवून झाकते. समारंभात वाऱ्याच्या बाजूला बसत नाही.

पेपर तपासायचे दिवस सगळ्यांत वाईट. उजव्या हातात लाल पेन, डावा हात डोक्यात. बोटं एखादा राठ, वाकडा, वेगळा लागणारा केस शोधत फिरतात. तो सापडला की शिंक अडकल्यासारखं होतं, उपटल्याशिवाय चैन पडत नाही. उपटला की क्षणभर मोकळं वाटतं. मग मुळाशी असलेली पांढरी गाठ ओठांवरून फिरवते. (किळस आली असेल तर माफ करा, पण अर्धवट सांगून मदत कशी मागू?) गठ्ठा संपतो तेव्हा खुर्चीखाली पुंजका पडलेला असतो, तो सगळे झोपल्यावर झाडते.

त्या वेळी मी दुःखी नसते. कंटाळलेली असते, नाहीतर तंद्रीत. त्यामुळे "टेन्शन घेऊ नकोस" या सल्ल्याचं काय करायचं ते कळत नाही. लाज वाटते ती नंतर, आणि लाज वाटली की हात पुन्हा वर जातो.

आताच लिहायचं कारण मुलगी. ९ वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात गृहपाठ करताना तिच्या चिमटीत भुवईचे केस दिसले. मी ओरडले. ती म्हणाली, "तू पण करतेस की."

हे आनुवंशिक आहे का? तिच्याशी काय बोलू? आणि यावर खरंच काम करणारं कुणी पुणे-नाशिककडे माहीत आहे का?

प्रतिसाद

डोक्याला तेल लावून घट्ट वेणी घाला, मन रमवा. आमच्याकडे एकीचं असंच बरं झालं.

प्रतिसाद

ताई, मी समुपदेशक आहे. याला ट्रायकोटिलोमेनिया म्हणतात. हे नाव हालोपो या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने १८८९ साली दिलं, म्हणजे तुम्ही एकट्या नाही आणि पहिल्याही नाही. २०१३ पासून मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात हे मंत्रचळाच्या (ओसीडीच्या) कुटुंबात धरलं जातं, पण फरक आहे. मंत्रचळात बहुधा भीती हात धुवायला लावते. इथे बहुतेकांना आधी ताण किंवा कंटाळा आणि नंतर सुटका जाणवते, काहींना तर हात गेल्याचंही कळत नाही.

अंग साफ करणं ही प्राण्यांची उपजत प्रवृत्ती. अमेरिकेत यूटामध्ये जनुकशास्त्रज्ञ कापेकींच्या प्रयोगशाळेत २००२ साली एक जनुक निकामी केलेले उंदीर स्वतःला इतकं चाटत-कुरतडत बसले की कातडी उघडी पडली. सोबतच्या उंदरांनाही सोडलं नाही! माणसाचं दुखणं एका जनुकाचं नाही, पण घराण्यात आढळतं हे खरं. मेंदूच्या तळाशी सवयी साठवणारा जो भाग आहे, त्याच्या ताब्यात एकदा हालचाल गेली की "उद्यापासून नाही" हा निश्चय तिथवर पोचतच नाही. म्हणून निश्चयाऐवजी हाताशी काम करायचं.

अझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये सवय-पालटाची (हॅबिट रिव्हर्सल) पद्धत मांडली, आजही पहिली पसंती तिलाच. हात कधी, कुठे, कुठल्या बोटाने जातो हे आधी टिपायचं. ओढ आली की एखादा मिनिट मूठ आवळून धरायची. पेपर तपासताना तर्जनी-अंगठ्याला चिकटपट्टी, डोक्याला रुमाल. हे शिकवणारा मानसशास्त्रज्ञ शोधा, फोनवरच विचारा, "सवय-पालट करता का?" मंत्रचळावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा इथे फारसा भरवसा नाही.

एक विचारते, केस गिळता का? गिळत असाल तर पोटात गोळा होऊ शकतो, डॉक्टरांना सांगाच.

मुलीवर ओरडू नका, भुवया मोजतही बसू नका. "मलाही होतं, मी मदत घेतेय" एवढं पुरे. अगदी लहान वयात सुरू झालेलं पुष्कळदा आपोआप जातं, तिच्या वयात तेवढा भरवसा नाही, म्हणून टिकलं तर दाखवा. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन (१४४१६) मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

प्रतिसाद

माझी आई पोथी ऐकताना भुवया उपटायची. आजीने तिच्या हातात कापूस दिला, वाती वळायला. त्यानंतर आमच्या घरी कधी वाती विकत आणल्या नाहीत.

धागाकर्ती

वेणीचा सल्ला देणाऱ्यांनो, वेणी २८ वर्षं घालतेय.

गिळत नाही. काल लेकीला सांगितलं. तिने विचारलं, "दुखतं का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मला पण नाही दुखत." पुढे काय बोलावं ते सुचलं नाही, दोघींनी मिळून कापूस पिंजला. वाती वाकड्या झाल्यात.

पुण्यातलं कुणी माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शनिवारी दुपारनंतर मोकळी असते.