आत्याचा ईआर पॉझिटिव्ह रिपोर्ट, पाळी बंद होऊन वर्षं झाली तरी हार्मोन कुठून?

जुळेसोलापूरकर: आत्याचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता लेट्रोझोलची गोळी चालू करायलेत. रिपोर्टमध्ये ईआर पॉझिटिव्ह आहे. पण तिची पाळी कधीच बंद झालीय, मग इस्ट्रोजेन येतंय कुठून? आणि त्यानं गाठ वाढते कशी?

विजापूररोडवाली: ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, इस्ट्रोजेन हार्मोन ज्याला चिकटतं ते पेशीतलं एक प्रोटीन; पॉझिटिव्ह म्हणजे ते गाठीत सापडलंय. हे बहुतेक करून न्यूक्लियसमध्येच (पेशीच्या केंद्रात, जिथं डीएनए असतो) असतं, इस्ट्रोजेन आत शिरून त्याला चिकटलं की त्याचा आकार बदलतो, दोन रिसेप्टर जोडीनं डीएनएवर ठराविक जागी बसतात, मदतनीस प्रोटीनं गोळा होतात आणि सायक्लिन डी1 सारखे जीन जोरात चालू होतात, की पेशी विभागत सुटते. टॅमॉक्सिफेन नावाचं दुसरं औषध तीच रिसेप्टरची जागा अडवतं, कुलपात चुकीची किल्ली अडकावी तसं.

बाळेकर: ओव्हरी थांबली तरी चरबीत अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतंय ना भाऊ, ते किडनीवरच्या अॅड्रिनल ग्रंथीतल्या अँड्रोजेनपासून (पुरुषी हार्मोन, बायकांतही असतात) इस्ट्रोजेन बनवतंय. लेट्रोझोल त्यालाच बंद पाडतं. हाडं ठिसूळ होऊ शकतात बघ, डॉक्टरांना डेक्साबद्दल (हाडांची घनता मोजणारा स्कॅन) विचारा, कॅल्शियमचंपण.

विजापूररोडवाली: बरोबर. म्हणूनच पाळी चालू असलेल्या बायकांना नुसतं लेट्रोझोल देत नाहीत, ओव्हरी जोरात चालूच राहते. ग्लासगोच्या बीटसन नावाच्या सर्जननं 1896 मध्ये ओव्हरी काढून गाठी कमी झाल्याचं छापलं, तेव्हा रिसेप्टर कुणाला माहीतच नव्हता!

जुळेसोलापूरकर: आत्ता डोक्यात शिरलं. गोळी मधे सोडली तर चालतंय का? आत्या लई विसरती.

बाळेकर: नाही ओ, मनानं सोडू नका. मोबाईलला अलार्म लावून द्या तिला.