प्रति: पीएलएसाठी एमएफआय पुरेसा आहे का?

दर दोन तासांनी एमएफआय (वितळलेलं प्लास्टिक किती सहज वाहतं ते सांगणारा आकडा) काढला की पीएलएच्या (मक्यासारख्या पिकांपासून बनणाऱ्या प्लास्टिकच्या) दर्जावर पुरेशी नजर राहते, हे या चर्चेत आलेलं मत मला अर्धंच पटतं. एमएफआय हवाच (चाचणी २१० अंश सेल्सिअसला, २.१६ किलो वजनाखाली), पण तो आकडा हातात येईपर्यंत खराब माल रोलवर गुंडाळून झालेला असतो. पीएलएचा खरा शत्रू पाणी. दाण्यांत २५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २५० भाग) वर ओलावा राहिला तर एक्स्ट्रूडरच्या (दाणे वितळवून शीट काढणाऱ्या यंत्राच्या) उष्णतेत रेणूंच्या साखळ्या तुटतात, रेणुभार घसरतो आणि शीट ठिसूळ होते.

आमच्याकडे एका जुलैत नेमकं हेच झालं. दाणे वाळवणारा ड्रायर ८० अंश दाखवत होता, म्हणून कुणालाच शंका आली नाही. स्क्रूचा वेग तोच, तरी डायजवळचा (वितळलेला माल शीट होऊन बाहेर पडतो त्या तोंडाजवळचा) दाब तासाभरात हळूहळू उतरत गेला, कारण साखळ्या तुटून माल पातळ होत होता. ऑपरेटरने कडेची पट्टी वाकवून पाहिली, तर रोज वाकणारी पट्टी काडकन मोडली. ड्रायरमधलं ओलावा ओढणारं शोषक निकामी झालेलं होतं. हवा गरम होती, पण कोरडी नव्हती. तेव्हापासून ड्रायरच्या हवेचा दवबिंदू (उणे ४० अंशांच्या आसपास हवा; जितका खाली, तितकी हवा कोरडी) आणि डायचा दाब, दोन्ही सतत नोंदवतो. आणि पावसाळ्यात हॉपरचं (यंत्रावरच्या दाण्यांच्या पेटीचं) झाकण उघडं ठेवू नका. वाळलेले दाणे ओलावा फार पटकन परत ओढतात.