ग्वाटेमाला: आधी तिकाल की ज्वालामुखी?

प्रश्न: फेब्रुवारीतील आठ दिवसांत तिकालचे माया अवशेष पाहून आकातेनांगो ज्वालामुखीही चढावयाचा आहे, आधी काय ठेवावे?

प्रतिसाद १: तिकाल. राजधानीहून तिकालजवळच्या फ्लोरेस शहराला विमानानेच जावे, रात्रीची बस अंग मोडून काढते. पहाटे सुमारे ६५ मीटर उंचीच्या चौथ्या मंदिरावर बसलो असता धुक्यात काहीच दिसले नाही, पण खालच्या वर्षावनातून हाउलर माकडांच्या आरोळ्या उठल्या आणि अंगावर काटा आला.

प्रतिसाद २: सहमत. नंतर सुमारे १,५०० मीटर उंचीवरील अँटिग्वा शहरात दोन दिवस राहिल्यास ३,९७६ मीटरच्या आकातेनांगोवर विरळ हवा कमी बाधते. रात्री मुक्कामाच्या तळावरून शेजारच्या फुएगो ज्वालामुखीचे लाल फवारे दिसतात (तो शांत नसेल तर). कानटोपी मात्र हवीच.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. रेनकोट लागेल का?

प्रतिसाद १: तिकालला कोरड्या ऋतूतही एखादी सर येते; ठेवावा.