सकाळी भूक नसते, संध्याकाळी आवरत नाही. माझ्यापुरती खाण्याची घडी कशी बसवू? (मदत हवी आहे)

गिरणाकाठची

नमस्कार मंडळी. मी पाचोऱ्याची. रोज रेल्वेने जळगावला अप-डाऊन करते, एमआयडीसीतल्या एका दालमिलमध्ये हिशोबाचं काम आहे. वय चाळीशीच्या आसपास. घरी सासूबाई, मिस्टर आणि दोन शाळकरी मुलं. माझा दिवस डोळ्यासमोर ठेवून सल्ला द्यावा म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहाटे उठून सगळ्यांचे डबे. त्या घाईत पोटात जातो फक्त चहा आणि एखाददोन टोस्ट. तेव्हा खरंच भूक नसते. दहाच्या सुमाराला मिलमध्ये सगळे मिळून पोहे मागवतात, वर भरपूर शेव. बाराला पोट पुन्हा कुरकुरायला लागतं. दीडला डबा: दोन पोळ्या, भाजी, थोडा भात. चारला डोळे मिटायला लागतात, एकच बेरीज दोनदा करावी लागते. मग चहा. चहाने अर्धा तास बरा जातो.

खरी अडचण त्याच्यापुढे आहे. साडेसातला घरी पोचते आणि हातपाय धुऊन सरळ ओट्यापाशी. एका हाताने कढईतलं हलवते, दुसरा हात शेव-मुरमुऱ्याच्या डब्यात. पिठाचे हात असले तर मुलीला म्हणते, 'थोडं वाटीत काढून दे.' ती वाटी भाकरी तव्यावर पडायच्या आत संपते, पुन्हा भरली जाते. साडेनऊला सगळ्यांसोबत पूर्ण जेवण होतंच. रात्री पोट जड, झोप उशिरा, सकाळी परत भूक नाही.

मला डाएट चार्ट नको आहे. एक मिळाला होता, त्यात ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल. आमच्या घरात माझ्या एकटीसाठी वेगळी चूल मांडणं शक्य नाही आणि मला ते आवडणारही नाही. घरात दादरची (रब्बी ज्वारीची) भाकरी, कळण्याची भाकरी, वरण, मेथी, गिलके, आता भरताचा सीझन, रविवारी शेवभाजी नाहीतर वरण-बट्टी, असंच शिजतं. यातूनच काय, कधी आणि किती खाल्लं की संध्याकाळची ही भूक आटोक्यात येईल आणि चार वाजता अंगात जीव राहील? वजनाची चिंता दुय्यम आहे. मुलांचा अभ्यास घ्यायला बसते तेव्हा मी त्यांच्यावर ओरडू नये, एवढी ताकद दिवसअखेर उरायला हवी आहे.

भुसावळ_पॅसेंजर

ताई, मीही अप-डाऊनवाला आहे, त्यामुळे संध्याकाळच्या गाडीतली भूक चांगली ओळखतो. माझ्यापुरता उपाय सांगतो. परतीच्या गाडीत बसलो की एक केळं आणि मूठभर फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे खातो. केळी आपल्या जळगावची, स्वस्त, आणि साल काढायला हात धुवावे लागत नाहीत. नुसतं केळं खाऊन बघितलं होतं, तासाभरात पुन्हा भूक. सोबत फुटाणे घेतले की घरी पोचेपर्यंत पोट शांत असतं आणि डब्याकडे हात जात नाही. मूठभर म्हणजे मूठभरच, पुडी संपवायची नाही.

पांझरा

मी धुळ्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. तुमचं वर्णन वाचून पहिली गोष्ट मनात आली ती ही, की संध्याकाळची ही भूक तुमच्या सकाळपासून साठत आलेली आहे. सकाळी टोस्ट म्हणजे मैदा, दहाला पोहे म्हणजे तांदूळ. एका प्लेट पोह्यात प्रथिनं जेमतेम चार-पाच ग्रॅम. असं खाणं लवकर पचतं, रक्तातली साखर भरभर चढते आणि तशीच उतरते, म्हणून बाराला पुन्हा भूक. प्रथिनं आणि तंतू पोटात जास्त वेळ टिकतात. आयसीएमआर-एनआयएनच्या (राष्ट्रीय पोषण संस्थेच्या) शिफारशीनुसार निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन 60 किलो धरलं तर साधारण 50 ग्रॅम. तुमच्या दिवसात दुपारपर्यंत त्यातले फार थोडे येतात.

आणि उत्तर तुमच्याच यादीत आहे. कळण्याची भाकरी! ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेले. ज्वारीत लायसिन नावाचं अमायनो आम्ल (प्रथिनाचा एक घटक) कमी असतं, ते उडदात भरपूर. उडदात जे कमी असतं ते ज्वारीतून मिळतं. चार भाग ज्वारीला एक भाग उडीद धरले तर एका मध्यम भाकरीत सात-आठ ग्रॅम प्रथिनं येतात. सोबत वाटीभर दही किंवा एक उकडलेलं अंडं घेतलंत तर सकाळचं काम झालं. दहाच्या पोह्यांच्या जागी ही भाकरी आणा. घरून निघताना भूक नसेल तर जबरदस्ती करू नका, दहाला खा. आधी रात्रीचं जेवण हलकं होऊ द्या, सकाळची भूक आपोआप परत येते.

दोन प्रश्न: झोप किती तास? आणि हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईडची), एचबीएवनसी (साखरेची) या तपासण्या अलीकडे झाल्यात का? चाळिशीच्या बाईला चार वाजता थकवा येतो तेव्हा मी आधी रक्ताचा रिपोर्ट मागते, आहाराचं नंतर बोलते.

दादरवाला

ताई, हाई घरोघर शे. आमच्याकडे अमळनेरच्या बाजूला म्हातारी माणसं अजून सकाळी न्याहारीला दादरची शिळी भाकरी, ताक नि कांदा खाऊन शेतात जातात. दुपारपर्यंत कोणाला काही लागत नाही. पोहे आणि शेव ही शहरातली नाश्त्याची सवय आपल्या लोकांनी उचलली, पण दिवसभर काम करणाऱ्याला ती पुरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. दादर तापीकाठच्या काळ्या जमिनीत नुसत्या ओलीवर येते, गोड असते, भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. डब्याला यापेक्षा चांगलं काय?

मी स्वतः सोळा तास उपाशी राहून दोनदाच जेवतो, मला फार ताकद वाटते. तुम्हीही करून बघा.

पांझरा

दादरवाला भाऊ, भाकरी-ताकाबद्दल सहमत. उपाशी राहण्याचं मात्र ताईंना सुचवू नका. ज्यांची रात्रीची भूक आधीच हाताबाहेर आहे, त्यांनी दिवसा आणखी उपाशी राहिलं तर रात्री दुप्पट खाल्लं जातं. तुम्हाला मानवतंय, तर छानच. दुसऱ्याचं शरीर वेगळं.

गिरणाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. पांझरा ताई, झोप साडेपाच तास, कधी त्याहून कमी. साखर आणि थायरॉईड नॉर्मल आहेत. हिमोग्लोबिन 10.4 आलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, सुरू आहेत. चतुर्थीचा उपवास असतो. त्या दिवशी साबुदाणा होतो आणि दुसऱ्या दिवशी भूक आणखी वाढलेली असते, हेही लक्षात आलंय.

पांझरा

मग चार वाजताच्या थकव्याचं मोठं कारण इथेच सापडलं. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या वर हवं. रक्त कमी असलं की पेशींना ऑक्सिजन कमी पोचतो आणि दम लवकर संपतो. मेंदूही त्या थकव्यावर काहीतरी गोड, चटपटीत मागतो. गोळ्या डॉक्टर सांगतील तितके दिवस पूर्ण घ्या, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. हिमोग्लोबिन का उतरलं तेही त्यांना विचारा. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर नुसत्या खाण्याने ते भरून निघत नाही.

चहाबद्दल खास सांगते. जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा टाळा, कारण चहातलं टॅनिन अन्नातलं लोह शोषू देत नाही. आयसीएमआर-एनआयएनच्या 2024 च्या आहार मार्गदर्शिकेतही हेच सांगितलंय. गोळीही चहासोबत नको. उलट मेथीवर, वरणावर लिंबू पिळा, 'क' जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. हिवाळ्यात आवळे स्वस्त असतात, मीठ लावून फोड तोंडात टाका. भाजी लोखंडी कढईत करा.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. चतुर्थीला भगर आणि शेंगदाण्याची आमटी करा, उपवासही मोडत नाही आणि रात्र बरी जाते.

झोपेचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते सर्वांत अवघड आहे. झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन कमी होतं. तुम्ही पहाटेचे डबे सोडू शकत नाही, हे कळतं. रात्रीचं जेवण साडेनऊऐवजी साडेआठला आणता आलं तर निदान अर्धा-पाऊण तास झोप वाढेल.

शेंगदाणा_चटणी

जेवण लवकर आणायचं तर घरातल्यांनीही हात लावला पाहिजे ना! दादांना म्हणावं कुकर लावा, मुलीला म्हणावं कांदा चिरून ठेव. ताई घरी येईपर्यंत वरण शिजलेलं असेल तर ओट्यापाशी उभं राहायचा वेळच अर्धा होतो. आमच्या घरी असंच चालतं.

दुसरं, शेव-मुरमुऱ्याचा डबा वरच्या फळीवर, स्टुलाशिवाय हात पोचणार नाही असा ठेवा. ओट्यावर हाताशी काकडी, गाजर, मुळा चिरून ठेवा. शंभर ग्रॅम शेवेत साधारण साडेपाचशे कॅलरी असतात, म्हणजे दोन-तीन भाकऱ्या! भरताचंही तेच. वांगी पऱ्हाटीवर (कपाशीच्या काड्यांवर) भाजलेली, पातीचा कांदा, हिरवी मिरची, सगळं उत्तम, पण फोडणीला आपण जे तेल ओततो ते चमच्याने मोजून घालायला लागा. चव जात नाही, मी करते.

गिरणाकाठची

थोडे दिवस थांबून लिहिते आहे. दहाच्या डब्यात कळण्याची भाकरी, ठेचा आणि दही नेते. आता बाराला घड्याळाकडे बघत नाही. मिलमधल्या दोघी आता माझ्यासोबत भाकरी आणतात. परतीच्या गाडीत केळं-फुटाणे सुरू केलेत, म्हसावद येईपर्यंत खाऊन होतात. मिस्टरांनी कुकरची जबाबदारी घेतली आहे, सासूबाई भाजी निवडून ठेवतात. डब्याकडे हात अजून जातो, पण एका मुठीवर थांबतो. दुपारचा चहा जेवणानंतर दीड तासाने घेते. चारची मरगळ थोडी कमी वाटते. पूर्ण गेलेली नाही, रक्त भरायला वेळ लागेल हे डॉक्टरांनीही सांगितलं.

वहीत मी रोज फक्त तीन गोष्टी लिहिते: काय खाल्लं, त्यानंतर पुन्हा भूक कधी लागली, आणि चार वाजता कसं वाटलं. त्यातून एक कळलं, ज्या दिवशी डब्यात वरण किंवा मटकीची उसळ असते तो दिवस बरा जातो, आणि ज्या दिवशी बटाट्याची भाजी-पोळी असते तो दिवस जड. हे मला कुठल्या चार्टमधून कळलं नसतं.

आता एक अडचण उरली. रविवारची वरण-बट्टी. बंद करायची नाही, मुलं वाट बघतात. पण ती खाल्ली की संध्याकाळपर्यंत झोपच झोप. काय करू?

पांझरा

वही फार छान, चालू ठेवा. बट्टी बंद करू नका. आधी वाटीभर वरण आणि सॅलड खा, मग बट्टी. आधी भाजी-डाळ आणि शेवटी पिष्टमय पदार्थ खाल्ले की साखर सावकाश चढते. तळलेल्या बट्टीऐवजी भाजलेली करा, तूप वरून चमच्याने घ्या. चारऐवजी दोन बट्ट्या आणि वांग्याची भाजी जास्त. सावकाश खा, पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात. आणि जेवण झाल्यावर लगेच आडवं न होता दहा-पंधरा मिनिटं अंगणात, गच्चीवर चाला, मुलांनाही सोबत घ्या. झोप आलीच तर वीस मिनिटांचा गजर लावून झोपा, रात्रीची झोप खराब होणार नाही. महिन्याभराने हिमोग्लोबिन पुन्हा तपासलंत की आकडा इथे जरूर कळवा.