आई शुक्रवार पेठेत एकटी असते, पुराचा इशारा तिला वेळेत कसा कळेल?

पेठेतला, सध्या पुण्यात:
आईचं वय 71, घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, तळमजल्यावर. 2021 ला भोंग्याची रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच ओरडून गेली, आत आलीच नाही. शेजारच्या काकू म्हशी सोडायला लागल्या तेव्हा कुठं आईला कळलं. 2023 च्या जुलैत चाचणी म्हणून सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, तेव्हा तिनं घाबरून फोन गोधडीत गुंडाळला! खरा पूर आला तर तसा इशारा येईल ना? आणि मला इथं पुण्यात वाजेल का?

टॉवरवाला:
तुम्हाला नाही वाजणार. तो इशारा नंबर बघून जात नाही, त्या भागातल्या टॉवरवरून तिथं असलेल्या फोनवर एकदम जातो. नेटवर्क तुंबलं तरी पोचतो. आईंच्या फोनमध्ये 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट' चालू आहे का ते बघा, चाचणीनंतर बऱ्याच जणांनी वैतागून बंद केलंय. तुम्ही स्वतः सरकारचं आपत्तीच्या इशाऱ्यांचं 'सचेत' ॲप घ्या आणि त्यात कोल्हापूर निवडा.

गंगावेशकर:
भावा, लाईट गेली आणि फोन उतरला की ॲप काय करणार? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघ. 39 फूट इशारा, 43 धोका. वरच्या राधानगरी धरणाचे सातही दरवाजे स्वयंचलित, तलाव भरला की आपोआप उघडतात. रात्री दोनला भरला तर रात्री दोनला. आधी पाणी शिरतं त्या सुतारवाड्यातली माणसं चित्रदुर्ग मठात हलवायला लागले की पेठेनं पिशव्या भरायच्या. जामदार क्लबपाशी पाणी आल्यावर मग पाहुण्यांना फोन करत बसायचं नाही. 2019 ला पातळी 55 च्या वर गेली, उपसा केंद्रंच बुडाली, चहूकडं पाणी आणि नळ कोरडा. आम्ही पायरीवर खडूनं रेघ मारतो. तासानं रेघ पुसली गेली की कुलूप लावून बाहेर.

साळोखे वहिनी:
1077 हा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर, फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. बीपीच्या गोळ्या आणि चष्मा एकाच पिशवीत. आमच्या सासूबाई चष्मा विसरल्या होत्या, आठ दिवस कुणाचं तोंड ओळखेनात.

पेठेतला, सध्या पुण्यात:
सगळ्यांचे आभार. आत्ताच आईला फोन करून हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, "राजाराम 31 वर आहे, दूधवाल्यानं सकाळीच सांगितलंय. तू तुझ्या मुठेचं बघ, खडकवासल्यातून सोडलंय म्हणे."