मदत हवी आहे: परदेशातील ख्रिस्ती शिबिरात सेवेला जाताना अर्जात प्रवासाचा उद्देश काय लिहावा?

मोहरीचा दाणा
प्रभूमध्ये सर्वांना सलाम. येत्या उन्हाळ्यात परदेशातील एका ख्रिस्ती युवा शिबिरात सेवा करण्यासाठी माझी निवड झाली आहे. मुलाखतीची तारीख मिळवण्याआधी व्हिसाचा अर्ज भरावा लागतो आणि त्यातील एकाच प्रश्नापाशी मी अडले आहे. प्रवासाचा उद्देश काय लिहावा? आमच्या मंडळीतील एक ज्येष्ठ ठामपणे सांगतात की ‘पर्यटन’ लिही, कारण मिशन हा शब्द दिसला की अर्ज नाकारला जातो. शिबिराच्या निमंत्रणपत्रात ‘उन्हाळा आमच्यासोबत घालवण्यासाठी’ एवढेच मोघम वाक्य आहे. हा आठवडा गेला तर शिबिरही गेले, म्हणून ज्यांनी असा अर्ज भरला आहे त्यांनी कृपया थेट उत्तर द्यावे.

वाटसरू
ताई, कोणता देश, किती आठवडे आणि तिथे तुमचे काम काय, हे कळल्याशिवाय कोणीही थेट उत्तर देऊ शकणार नाही. ब्रिटनमध्ये साधा पाहुणा म्हणून गेलेल्या व्यक्तीला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते. त्याहून अधिक काळासाठी धर्मादाय सेवकांचा वेगळा व्हिसा आहे. युरोपातील सामाईक व्हिसा असलेल्या शेंगेन देशांत अल्प मुक्कामाच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते आणि अर्जासोबत किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो. तुमचा देश यांपैकी नसेल, तर यातले काहीच तुमच्या कामाचे नाही.

खारीचा वाटा
मी पूर्व आफ्रिकेतील एका शिबिरात सेवा केली आहे. व्हिसाची चिंता नंतर करावी, आधी पीतज्वराची लस घ्यावी. तिचे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरले जाते, त्यामुळे निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग होत नाही. जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. मच्छरदाणीही घ्यावी.

दीपस्तंभ
अमेरिका असेल तर माझे उत्तर एकच आहे: आर-१. तो धार्मिक सेवकांसाठीचा व्हिसा असून त्यात काहीही लपवावे लागत नाही. माझा चुलतभाऊ त्याच व्हिसावर एका मंडळीत सेवा करत आहे आणि त्याला कधीही अडचण आली नाही.

मोहरीचा दाणा
देश लिहायचा राहिला, क्षमस्व. अमेरिका. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून आठ आठवडे. मला वाटले होते की उद्देशाचे उत्तर सर्व देशांसाठी एकच असेल.

वाटसरू
दीपस्तंभ, आठ आठवड्यांच्या शिबिरासाठी आर-१ सुचवणे मला योग्य वाटत नाही. त्यासाठी तिथल्या संस्थेला आधी सरकारकडे स्वतंत्र विनंतीअर्ज करावा लागतो, उमेदवार त्याच संप्रदायाचा किमान दोन वर्षे सभासद असावा लागतो आणि काम आठवड्याला सरासरी किमान वीस तासांचे असावे लागते. तुमच्या भावाची नेमणूक मंडळीत दीर्घकाळासाठी आहे, इथे प्रश्न एका उन्हाळ्याचा आहे.

दीपस्तंभ
मी प्रामाणिक मार्ग दाखवला. ‘पर्यटन’ लिहिण्यापेक्षा तो केव्हाही बरा.

वाटसरू
त्याबद्दल आपल्यात मतभेद नाही. ताई, त्या ज्येष्ठांचा हेतू चांगलाच असेल, पण त्यांचा सल्ला धोक्याचा आहे. अमेरिकेच्या कायद्यानुसार व्हिसासाठी महत्त्वाची बाब जाणूनबुजून खोटी सांगितली, तर त्या देशाचे दार आयुष्यभरासाठी बंद होऊ शकते. शिवाय मुलांना सत्याविषयी शिकवायला जाताना पहिल्याच कागदावर असत्य लिहायचे, ही गोष्ट मनाला पटत नाही. आता राहिलेले दोन प्रश्न: शिबिरात तुमचे काम नेमके काय आणि त्याचे पैसे मिळणार आहेत का?

मोहरीचा दाणा
काम सांगायला संकोच वाटत होता. मी इथे सहा वर्षे रविवार शाळेत शिकवते आणि मुलींच्या एखाद्या गटाची जबाबदारी मिळेल अशी माझी अपेक्षा होती. पत्रासोबतच्या तक्त्यात मात्र माझे नाव स्वयंपाकघरात, भांडी धुण्याच्या विभागात आहे. राहणे आणि जेवण शिबिराकडे आहे, शिवाय दर आठवड्याला काही रक्कम मिळणार आहे. पण याचा व्हिसाशी काय संबंध?

आकडेमोड
भांडी धुण्यासाठी समुद्रापलीकडे जायचे, हे माझ्या बुद्धीला पटत नाही. विमानभाड्याचे तेच पैसे शिबिराला पाठवले तर त्यांना तिथलाच एखादा गरजू तरुण कामावर ठेवता येईल. अल्पकाळाच्या मिशन सहलींतून जाणाऱ्याला अनुभव मिळतो, यजमानांच्या पदरात काय पडते हे कोणी विचारत नाही.

जुनी शिबिरसेविका
आकडेमोड, आपला प्रश्न रास्त असला तरी तो या ताईंनी विचारलेला नाही. तरीही भांड्यांविषयी एक लिहिते. मी माझा पहिला उन्हाळा अशाच शिबिरात भांड्यांच्या खोलीत काढला. जेवण झाले की मुले खरकटी ताटे घेऊन एका खिडकीपाशी रांगेने येत आणि उरलेले अन्न खरवडून बादलीत टाकत. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा रोज सर्वांत शेवटी यायचा आणि आधीच स्वच्छ झालेले ताट पुन्हा पुन्हा खरवडत राहायचा. चौथ्या दिवशी, वाफेच्या आणि भांड्यांच्या आवाजात, ताटावरची नजर न उचलता तो म्हणाला की त्याच्या आईवडिलांनी वेगळे होण्याचा निर्णय घेतला आहे आणि शिबिरातून परत कोणत्या घरी जायचे हे त्याला कोणी सांगितलेले नाही. रात्रीच्या शेकोटीभोवती, जिथे सर्वांनी मन मोकळे करावे अशी अपेक्षा असते, तिथे त्याने तोंड उघडले नव्हते. मी हात पुसले, खिडकीतूनच त्याच्याशी बोलले आणि त्याच्या परवानगीने त्याच्या गटप्रमुखाला सांगितले. त्यामुळे तक्ता पाहून खट्टू होऊ नका.

वाटसरू
अनुभव मनाला भिडणारा आहे, पण व्हिसाचा खरा पेच त्या खिडकीतच आहे. शिबिरात मुलांची देखरेख करणाऱ्यांसाठी अमेरिकेत जे-१ या देवाणघेवाण कार्यक्रमांच्या व्हिसाची स्वतंत्र श्रेणी आहे. वय किमान १८ लागते आणि उमेदवार महाविद्यालयीन विद्यार्थी, युवा कार्यकर्ता, शिक्षक किंवा विशेष कौशल्य असलेली व्यक्ती असावी लागते. मुदत जास्तीत जास्त चार महिन्यांची असते. मात्र त्याच नियमावलीत स्पष्ट म्हटले आहे की या श्रेणीतून आलेल्यांना स्वयंपाकी, कार्यालयीन कर्मचारी किंवा भांडी धुणे, साफसफाई अशा कामांवर नेमता येत नाही. म्हणजे तक्ता आहे तसा राहिला, तर हा मार्ग तुमच्यासाठी बंद आहे.

दीपस्तंभ
मग बी-१, म्हणजे कामानिमित्त अल्पकाळ भेट देणाऱ्यांचा व्हिसा, आहे की. मान्यताप्राप्त धार्मिक संस्थेच्या स्वयंसेवेसाठी तो मिळतो. आता तरी माझे ऐका.

वाटसरू
या वेळी दीपस्तंभ यांचा मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे, पण अटींसह. स्वयंसेवक त्या संस्थेशी सभासद म्हणून बांधलेला असावा लागतो, काम परंपरेने स्वयंसेवकच करतात असे असावे लागते आणि प्रासंगिक खर्चापलीकडे अमेरिकेतून कोणताही मोबदला घेता येत नाही. संस्थेचे पत्रही लागते, त्यात स्वयंसेवकाचे नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थान, मायदेशातील कायमचा पत्ता, तिथे प्रथम जिथे जाणार ते ठिकाण आणि सेवेचा अपेक्षित कालावधी नमूद असावा. ताई, दर आठवड्याची रक्कम खर्चासाठी आहे की कामासाठी? स्वयंपाकघरातील इतरांना पगार मिळतो का? आजच शिबिराला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

खारीचा वाटा
अमेरिकेसाठी पीतज्वराची लस लागत नाही, मी माझा सल्ला मागे घेते. मच्छरदाणीचा मात्र नाही.

मोहरीचा दाणा
तीन दिवसांनी लिहीत आहे. स्वयंपाकघरातील इतर सर्वांना पगार आहे आणि माझी रक्कमही कामाचीच होती, त्यामुळे बी-१ बसत नाही. मी वरील सर्व मुद्दे लिहून पाठवल्यावर शिबिराने त्यांच्या प्रायोजक संस्थेला, म्हणजे जे-१ कार्यक्रम चालवणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेला, विचारले आणि तिने तक्त्यातील माझे नाव ताबडतोब बदलायला सांगितले. मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि रविवार शाळेच्या कामाबद्दल पाळकसाहेबांचे पत्र माझ्याकडे आहे, या आधारावर मला नऊ-दहा वर्षांच्या मुलींच्या गटाची सहायक म्हणून घेतले आहे. प्रायोजक संस्था डीएस-२०१९ हे जे-१ साठीच्या पात्रतेचे प्रमाणपत्र पाठवणार आहे आणि ते हाती आल्यावरच मी डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज भरणार आहे. त्यात उद्देशाच्या रकान्यात जे-१ निवडायचे, लपवायचे काही उरलेच नाही. त्या ज्येष्ठांना मी हे समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि माझ्यासाठी प्रार्थना केली.

वाटसरू
फार बरे झाले. प्रमाणपत्रावरील नावाचे स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळते का, ते पहिल्यांदा पाहा. जे-१ साठी प्रत्येक आजारपणामागे किंवा अपघातामागे किमान १,००,००० डॉलरचे वैद्यकीय विमासंरक्षण बंधनकारक आहे. ते प्रायोजक देणार की तुम्ही घ्यायचे, हेही विचारून ठेवा.

मोहरीचा दाणा
एक शेवटचा प्रश्न. जुनी शिबिरसेविका ताई, तुमचा अनुभव वाचल्यापासून ती खिडकी डोळ्यांसमोरून हलत नाही. गटावर असताना मी भांड्यांना हातच लावायचा नाही का?

जुनी शिबिरसेविका
लावा की. शिबिरातील किरकोळ कामे सर्वच गटप्रमुखांच्या वाट्याला येतात आणि नियमावलीतही ते मान्य केले आहे. तुमची नेमणूक त्या कामासाठी नसावी एवढाच नियमाचा आशय आहे. आपल्या मुलींसोबत ताटे घेऊन रांगेत उभ्या राहा, शक्यतो सर्वांत शेवटी. पहिल्या रात्री एखादी मुलगी बूट न काढता अंथरुणावर बसून राहील, कारण बूट काढले की घरी जाणे नाही हे तिला पक्के ठाऊक असते. तिला बूट काढायला सांगू नका. शेजारी बसा, पण दार उघडे ठेवा आणि दुसरी सेविका दृष्टीच्या टप्प्यात असू द्या, कारण कोणत्याही मुलासोबत एकट्याने बंद खोलीत न थांबणे हा नियम मायेच्या क्षणीसुद्धा मोडायचा नसतो. तिच्या घरातल्या कुत्र्याचे किंवा मांजराचे नाव विचारा. बूट ती स्वतःच काढेल.