अरिताची चिनीमाती: जपानची कला की पळवून आणलेल्या कोरियन कुंभारांची?

नीलरेघ:
इमारी, काकिएमोन या अरिताच्या चिनीमातीच्या भांड्यांचं कौतुक सगळे करतात. ही कला जपानच्या क्युशू बेटावर, जिथे अरिता आहे, कशी पोचली, ते मात्र एका ओळीत उरकतात. १५९२ ते १५९८ या काळात जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने कोरियावर दोनदा स्वारी केली. परतताना पश्चिम जपानच्या सरदारांनी तिथले कुंभार धरून आणले. सागा प्रांताच्या नाबेशिमा सरदारांकडे आणलेल्या यी साम-प्योंग या कोरियन कुंभाराला अरिताजवळ इझुमियामाला चिनीमातीचा दगड सापडला, असं परंपरा सांगते, साल १६१६. त्याआधी जपानात मातीची भांडी हजारो वर्षं घडत होती, चिनीमातीची नाही. हा इतिहास अपहरणापासूनच सांगायला हवा.

तांबडीमाती:
नाही पटलं. पश्चिम अरिताच्या सुरुवातीच्या भट्ट्यांत कारात्सूची (चिनीमाती नसलेली) भांडी आणि चिनीमातीची भांडी शेजारी शेजारी भाजलेली सापडली आहेत. म्हणजे हे एका माणसाचं, एका सालाचं काम नव्हे. आणि जगाला भुरळ पडली ती रंगांची. झिलईवर, म्हणजे भांड्याच्या काचेसारख्या लेपावर, रंग चढवण्याची रीत १६४०च्या दशकात आली, तीही चिनी. १६४४ ला चीनमधली मिंग सत्ता कोसळली, तिथल्या जिंगदेजेन या चिनीमातीच्या केंद्राचा पुरवठा विस्कळीत झाला, तेव्हा डच व्यापारी अरिताकडे वळले. १६५९ ला त्यांनी एकदम पन्नास हजारांहून जास्त नग मागवले. पुढे जर्मनीतल्या माइसेनच्या कारखान्याने नक्कल केली ती काकिएमोनच्या दुधी अंगाची, त्यावर मोकळ्या सोडलेल्या जागेची. ती नजर अरिताची आहे.

नीलरेघ:
रंग मान्य. पण रंग चढवायला भांडं लागतं! सुरुवातीचं अरिता भांडं कच्चंच झिलईत बुडवून एकदाच भाजत, ही कोरियन रीत. उतारावर चढत जाणाऱ्या भट्ट्याही तिकडच्याच. आणि १६३७ चं काय? सरपणासाठी जंगल तुटतंय म्हणून सागाच्या सत्तेने शेकडो जपानी कुंभारांना धंद्यातून काढलं, कोरियन बहुतेक ठेवले. कसब कुणाच्या हातात आहे, हे सरदाराला पक्कं ठाऊक होतं.

ओलीमाती:
तुम्ही दोघं श्रेय वाटताय, त्या माणसांबद्दल कुणी बोलत नाही. क्युशूच्या दक्षिणेतल्या सात्सुमात नाएशिरोगावा गावच्या कोरियन कुंभारांना पिढ्यान् पिढ्या वेगळ्या वस्तीत, आपल्याच भाषेत आणि पोशाखात राहायला लावलं. हा मान होता की कैद, यावर मला अजून राग येतो. अरिताच्या टेकडीवर यी साम-प्योंगचं स्मारक उभं राहिलं १९१७ ला, म्हणजे कोरिया जपानच्या ताब्यात असताना. तेव्हाच्या कोरियन माणसाला ते कसं दिसलं असेल?

तांबडीमाती:
स्मारकाचा मुद्दा खरा आहे, तो बोचतो. तरीही पळवून आणणाऱ्यांचा गुन्हा एक आणि नंतरच्या अडीचशे वर्षांतल्या अरिताच्या घडवणाऱ्यांचं, रंगवणाऱ्यांचं काम दुसरं. त्यात त्या कोरियन कुंभारांचे वंशजही आले. त्यांना कायम परकेच ठरवायचं का?

नीलरेघ:
परके ठरवू नका, पण संग्रहालयातल्या पाटीवर त्यांच्या पूर्वजांना "आलेले कुंभार" लिहू नका. ते आले नव्हते.